डूलॅली म्हणजे देवळाली: अनोळखी इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करत होते. त्यात एका म्हाताऱ्या शिपायाबद्दल वाक्य होतं, 'ही हॅज गॉन डूलॅली'. मागच्यापुढच्या मजकुरावरून अर्थ लागत होता: याचं डोकं फिरलंय. पण हा शब्द आला कुठून? कानाला 'डोलणे'सारखा लागला, म्हणून वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवलं, 'डोलणेवरून?' दुसऱ्या दिवशी कोश उघडला आणि ती ओळ खोडली. डूलॅली म्हणजे देवळाली. मुंबईहून गाडीनं येताना नाशिकरोडच्या आधी लागणारं, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र असलेलं देवळाली.

ब्रिटिश फौजेचा तिथे मोठा तळ होता. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायला आधी देवळालीत जमायचे आणि मुंबईहून बोट सुटायची वाट बघायचे. फौजेच्या बोटी साधारण हिवाळी हंगामातच सुटत. हंगामातली शेवटची बोट हुकली, की पुढचे कित्येक महिने तळावर बसून राहायचं. ना कवायत, ना काम, वर उन्हाळा. माणसं चिडायची, प्यायची, विचित्र वागायची. अशा माणसाला सोबती म्हणायचे, 'याला डूलॅली टॅप झालाय.' यातला टॅप म्हणजे टपली नव्हे आणि नळही नव्हे. तो आपल्याला माहीत असलेला ताप आहे. पुढे ताप गळून पडला आणि 'वेडा' या अर्थाचं नुसतं डूलॅली उरलं.

पेन्सिलीनं लिहिलेली ती ओळ मी पूर्ण पुसली नाही, अजून पुसट दिसते. शब्द कानाला ओळखीचा लागणं आणि त्याचं मूळ सापडणं यांत किती अंतर असतं, याची ती खूण आहे. तेव्हापासून अनोळखी शब्द भेटला की मी ठरलेल्या क्रमानं जाते. तो क्रम इथे सांगते आहे. यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. एक चांगला कोश, इंटरनेट, वही आणि थोडी चिकाटी पुरते.

पायरी १: आधी अर्थ पक्का करा, मूळ नंतर

शब्द जिथे भेटला ते पूर्ण वाक्य उतरवून घ्या. कोण बोलतंय, कुणाला, कोणत्या काळात, हेही शेजारी लिहा. नुसता शब्द लिहून ठेवला तर आठवड्यानं कोश उघडल्यावर पाच अर्थ दिसतात आणि आपल्याला कोणता हवा होता ते आठवत नाही.

जुन्या मजकुरात ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. 'नाइस' घ्या. याचं मूळ लॅटिनमधल्या 'नेस्कियस' शब्दात आहे, अर्थ अजाण, काही न कळणारा. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा नाइस माणूस म्हणजे मूर्ख माणूस होता. मग नखरेल, मग चोखंदळ, मग बारकाईचा असं करत करत अठराव्या शतकात तो 'छान'वर पोचला. यातला 'बारकाईचा' हा अर्थ अजून मेलेला नाही. कुणी 'अ नाइस डिस्टिंक्शन' लिहिलं तर ते 'सूक्ष्म भेद' म्हणतायत, 'छान फरक' नव्हे. 'सिली' एके काळी सुखी, धन्य या अर्थाचा होता. 'गर्ल' हा शब्द मुलगा-मुलगी दोघांनाही चालायचा.

कोशात अर्थाच्या आधी तिरक्या अक्षरांत छोट्या खुणा असतात: 'ऑब्स.' म्हणजे वापरातून गेलेला, 'आर्क.' म्हणजे जुनाट, 'डायल.' म्हणजे एखाद्या बोलीपुरता. बहुतेक लोक यांवरून नजर उडवत पुढे जातात. शब्दाचं वय आणि गाव तिथेच लिहिलेलं असतं.

पायरी २: शब्द फोडून पाहा, पण फोडीवर थांबू नका

लांबलचक शब्दांपैकी बरेचसे ग्रीक किंवा लॅटिन तुकडे जोडून बनवलेले असतात. 'प्रोक्रॅस्टिनेट' फोडला की 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'क्रास' म्हणजे उद्या. उद्यावर ढकलणं. 'सेस्क्विपिडेलियन' हा अगडबंब शब्द अगडबंब शब्दांसाठीच वापरतात. 'सेस्क्वि' म्हणजे दीड, 'पेस' म्हणजे पाऊल. रोमन कवी होरेसनं 'दीड फूट लांबीचे शब्द' असा प्रयोग केला होता, तिथून हा आला. मराठीत 'दीडफुटी शब्द' म्हटलं तर अर्थासकट गंमतही पोचते.

माझ्या आवडीचा शब्द 'पेट्रिकोर'. पहिल्या पावसात तापलेल्या जमिनीतून उठणाऱ्या वासाचं हे नाव. ग्रीकमध्ये 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'आयकोर' म्हणजे देवांच्या शिरांतून वाहणारा द्रव. ही जोडणी नेमकी कुणी केली तेही ठाऊक आहे. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ साली 'नेचर' नियतकालिकातल्या लेखात हे नाव दिलं. म्हणजे ग्रीक हाडामांसाचा असला तरी हा शब्द प्राचीन नाही. तुकडे जुने म्हणून शब्दही जुना, असं धरून चालू नका. मराठीत याला आपण मृद्गंध म्हणतो आणि कनौजचे अत्तरवाले मातीचा वास अत्तरात उतरवतात, त्याला मिट्टी का अत्तर म्हणतात.

आता सावधगिरीची गोष्ट. हॅमबर्गरमध्ये हॅम नाही, त्यातलं 'हॅमबर्ग' हे जर्मनीतल्या शहराचं नाव आहे. लोकांनी शब्द चुकीच्या जागी तोडला आणि 'बर्गर' वेगळा काढला, तोच आता वड्यापावाच्या गाडीशेजारी व्हेज बर्गर म्हणून विकला जातो. 'आउटरेज'मध्ये आउटही नाही आणि रेजही नाही. तो फ्रेंच शब्द आहे, लॅटिनच्या 'उल्ट्रा'पासून, म्हणजे पलीकडे, मर्यादेबाहेर. 'कॉकरोच'मध्ये कोंबडा शोधू नका, ते स्पॅनिश 'कुकाराचा'चं इंग्रजी तोंडात झालेलं रूप आहे. परका शब्द आला की लोक त्याला आपल्या ओळखीच्या शब्दांच्या साच्यात बसवतात. आपणही तेच करतो. म्हणून फोड करा, वहीत लिहा, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जा.

पायरी ३: व्युत्पत्तीची ओळ वाचायला शिका

चांगल्या कोशात प्रत्येक शब्दापाशी कंसात एक घट्ट विणलेली ओळ असते. ती उलटी वाचायची नाही, तर कोश ज्या क्रमानं सांगतो त्याच क्रमानं, नदीच्या उगमाकडे चालल्यासारखं, एकेक पाऊल मागे जायचं. 'फ्रॉम' किंवा डावीकडे टोक असलेलं कोनचिन्ह म्हणजे 'यापासून आला'. 'सीएफ.' म्हणजे 'याच्याशी ताडून पाहा', आणि हे फार महत्त्वाचं: ताडून पाहा म्हणजे यापासून आला असं नव्हे. शब्दाच्या आधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलना करून बांधलेलं आहे. 'प्रॉब.' आणि 'पॉस.' या दोन खुणांमध्ये 'बहुधा' आणि 'कदाचित' इतका फरक आहे.

ही ओळ हाताशी धरून 'अंपायर' वाचून पाहू. क्रिकेट बघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हा शब्द आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'नूम्पर' होता, आणि तो आला जुन्या फ्रेंचमधल्या 'नॉनपेर'वरून. 'नॉन' म्हणजे नाही, 'पेर' म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. दोघांच्या भांडणात जो कुणाच्याच जोडीचा नाही तो तिसरा. मग सुरुवातीचा 'न' गेला कुठे? 'अ नूम्पर' म्हणताना ऐकणाऱ्याला 'अन ऊम्पर' ऐकू आलं. एकवचनी उपपदानं शब्दाचं पहिलं अक्षर गिळलं. 'एप्रन'चंही असंच झालं, तो आधी 'नेप्रन' होता. 'निकनेम'मध्ये उलट झालं: 'अन एकनेम', म्हणजे जास्तीचं नाव, यातला 'न' शब्दाला जाऊन चिकटला.

'ऑरेंज'नंही 'न' गमावलेला आहे, पण इथे घाईनं इंग्रजीला जबाबदार धरू नका. संस्कृत नारंग फारसी-अरबीतून युरोपात गेलं. स्पॅनिशमध्ये ते 'नारांखा' असं 'न'सकट राहिलं. फ्रेंचकडून इंग्रजीत पोचलं तेव्हा 'न' आधीच गळलेला होता. ओळीतला प्रत्येक टप्पा वाचला नाही तर ही चूक हमखास होते, मीही ती केली आहे. आपल्या नारिंगीत तो 'न' अजून जागेवर आहे.

कोश कोणता घ्यायचा? इंग्रजी शब्दांच्या इतिहासासाठी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला तोड नाही. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत त्याची कल्पना निघाली, जेम्स मरे यांनी १८७९पासून संपादन हाती घेतलं, आणि मरे गेल्यानंतर १९२८ साली तो पुरा झाला. हजारो वाचकांनी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, त्या चिठ्ठ्यांवर तो उभा आहे. त्यामुळे प्रत्येक अर्थाखाली सालासकट वाक्यं मिळतात. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते, म्हणून एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे सभासद असाल तर आधी तिथे विचारा. ते जमलं नाही तर मेरियम-वेब्स्टर आणि ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी ही दोन विनामूल्य ठिकाणं रोजच्या कामाला पुरतात.

पायरी ४: साल तपासा

सगळ्यांत जास्त वेळ मी या पायरीवर घालवते. शब्दाविषयीची गोष्ट कितीही गोड असो, सालासमोर ती टिकते का ते बघायचं.

'बॉम्बे डक' म्हणजे सुका बोंबील. त्याची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते: मुंबईहून सुटणाऱ्या डाकगाडीतून सुके बोंबील जायचे, डब्याला वास यायचा, गोरे साहेब 'बॉम्बे डाक' म्हणायचे आणि त्याचं 'डक' झालं. गोष्टीत गाडी आहे, वास आहे, साहेब आहे. पण मुंबई-ठाणे गाडी पहिल्यांदा धावली १६ एप्रिल १८५३ला. आणि १८०३ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, मुंबईकडच्या साहेबलोकांचा उल्लेख 'डक्स' असा करतात. त्या काळी बंगालच्या, मद्रासच्या आणि मुंबईच्या कंपनी नोकरांना वेगवेगळी टोपणनावं होती, आणि मुंबईकरांचं हे नाव या माशावरूनच पडलं असं हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा हॉब्सन-जॉब्सन कोश म्हणतो. रुळ पडायच्या पन्नास वर्षं आधीची ही गोष्ट. डाकगाडी बाद. इंग्रजीत या माशाला 'बमलो' असंही नाव आहे, ते मात्र सरळ बोंबीलवरून.

'पॉश'ची गोष्टही मुंबईच्या बंदराशी जोडलेली. इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीची, जाताना उजवी, म्हणून श्रीमंत लोक 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' अशा खोल्या घेत आणि त्यांच्या तिकिटावर या चार शब्दांची आद्याक्षरं छापत. पी अँड ओ या बोट कंपनीचं नावही यात घेतलं जातं. अशी छापील अक्षरं असलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. 'पॉश' हा 'झोकदार' या अर्थानं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापात दिसायला लागतो आणि बोटीची गोष्ट त्यानंतर, १९३०च्या दशकात. आधी शब्द, मग त्याचं कारण, असा उलटा क्रम. त्याआधी चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे पैसे असा अर्थ होता आणि युरोपातल्या भटक्या रोमा लोकांच्या रोमानी भाषेत तो शब्द 'अर्धा' या अर्थाचा आहे. आद्याक्षरांनी बनलेल्या शब्दांबाबत एक ठोकताळा लक्षात ठेवा: विसाव्या शतकाच्या आधी असे शब्द फारच थोडे. जुन्या शब्दाची आद्याक्षरांची गोष्ट कुणी सांगितली की लगेच साल विचारा.

याला 'ओके' अपवाद आहे आणि तो साल दाखवूनच सिद्ध झालेला आहे. 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम 'ओ' आणि 'के' घालून चुकवलेलं लेखन 'ऑल कोरेक्ट' आणि त्याची ही दोन आद्याक्षरं. २३ मार्च १८३९च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये तो छापलेला आहे. त्या काळी बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत अशा चुकीच्या स्पेलिंगच्या लघुरूपांची लाटच आली होती. ॲलन वॉकर रीड या अमेरिकी अभ्यासकानं जुनी वर्तमानपत्रं चाळून हे १९६०च्या दशकात मांडलं.

तुम्हाला स्वतःला साल शोधायचं असेल तर गूगल बुक्स आणि इंटरनेट अर्काइव्हवर शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. दोन खड्डे आहेत. मासिकांच्या बाबतीत दिसणारं साल कधी कधी मासिक सुरू झाल्याचं असतं, त्या अंकाचं नव्हे. म्हणून पानाची प्रतिमा उघडून छापलेलं साल डोळ्यांनी बघा. दुसरा खड्डा अक्षराचा. अठराव्या शतकापर्यंत इंग्रजी छपाईत 'एस' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब काढायचे, ते हुबेहूब 'एफ'सारखं दिसतं आणि संगणक ते तसंच वाचतो. 'बेस्ट'चा 'बेफ्ट' होतो. जुनी रूपं शोधताना दोन्ही अक्षरं घालून पाहा. आणि सापडलेलं सर्वांत जुनं साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. ती त्याची पहिली छापील हजेरी. बोलण्यात तो त्याआधी असणारच.

पायरी ५: शब्द कुणी वाहून नेला ते विचारा

शब्द एकटा प्रवास करत नाही. बोट लागते, फौज लागते, व्यापारी लागतो. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांना हा प्रश्न विचारला की निम्मं कोडं सुटतं.

'मँगो'चं उदाहरण घ्या. आपला आंबा संस्कृत आम्रावरून आलेला, त्याचा आणि मँगोचा काही संबंध नाही. पोर्तुगीज आधी केरळच्या किनाऱ्यावर उतरले, तिथे मल्याळममध्ये 'माङ्ङ' होता, त्यांनी त्याचा 'मांगा' केला आणि तो युरोपभर गेला. उलट दिशेनं 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावाचा आपण हापूस केला. 'मान्सून'ही पोर्तुगीजांच्या हातून गेला, पण मूळ अरबी 'मौसिम', तोच आपल्याकडे मोसम झाला. 'कास्ट' हा जातीसाठीचा शब्द तर पोर्तुगीज 'कास्ता' आहे, हिंदुस्थानी नव्हेच. पश्चिम किनाऱ्यावरचा शब्द असेल तर पोर्तुगीज दलाल शोधायची सवय लावून घ्या.

फौजेची वाट वेगळी. तिथे शब्द कानानं उचलले गेले, कागदावर न बघता. म्हणून त्यांची रूपं जास्त वेडीवाकडी. विलायतीचं 'ब्लायटी' झालं आणि पहिल्या महायुद्धात खंदकातले शिपाई घरच्या ओढीनं इंग्लंडला तेच म्हणू लागले. 'कुशी' म्हणजे आरामाची नोकरी, मूळ खुशी. डूलॅली याच रांगेतला.

कधी शब्दाबरोबर अर्थही वाटेत बदलतो. 'शाम्पू' इंग्रजीत १७६२ साली लिहिलेला सापडतो, तो केसांसाठी नाही, अंग रगडण्यासाठी. हिंदीतल्या चाँपनाचं आज्ञार्थी रूप 'चाँपो', म्हणजे दाब. पाय चेपून घेणाऱ्या मराठी माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाटण्याच्या साके दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढून ही चंपी तिकडे लोकप्रिय केली. केस धुणं हा अर्थ त्यानंतर काही दशकांनी आला.

या साऱ्या शब्दांसाठी १८८६ साली निघालेला यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन कोश जवळ ठेवा. त्याचं नाव हाच एक नमुना आहे: मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन! या हुसेन!' या आक्रोशाचं गोऱ्या शिपायांच्या कानांनी केलेलं रूप. त्यातली मतं जुनी आहेत, काही आता मागे पडली आहेत, पण सालासकट दिलेली उद्धृतं आजही सोन्याच्या मोलाची.

पायरी ६: मराठीकडून उलटतपासणी

मराठी वाचकाच्या हातात इथे एक हुकमाचं पान असतं, आणि तेच जपून खेळायचं असतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. इंग्रजी कोश 'मराठीवरून' म्हणत असेल तर तो शब्द मोल्सवर्थमध्ये काय अर्थानं आहे ते पाहा.

'मंगूस' हा असा शब्द. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आढळतो आणि कोश त्याचं मूळ मराठी मुंगुसाकडे नेतात. कन्नड आणि तेलुगूतही त्याचे भाऊबंद आहेत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'गूस', म्हणजे हंस, घुसला तो नुसत्या ऐकण्यावरून. म्हणूनच अनेकवचन 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' होतं.

'टँक'पाशी मात्र जरा रेंगाळावं. शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांपाशी उभं राहिलं की कातळात खोदलेलं, बारमाही थंड पाणी दिसतं. त्याला आपण टाकं म्हणतो. हिंदुस्थानात आलेले इंग्रज तळ्याला, साठवणीच्या पाण्याला 'टँक' म्हणू लागले, आणि कोश त्यासाठी गुजराती आणि मराठी शब्दांकडे बोट दाखवतात. पण पोर्तुगीजमध्ये 'तांक' हा शब्द होताच, लॅटिनच्या साचलेल्या पाण्याच्या शब्दावरून आलेला. दोन वेगवेगळ्या उगमांचे, जवळजवळ एकाच आवाजाचे आणि एकाच अर्थाचे दोन शब्द पश्चिम किनाऱ्यावर भेटले आणि एकमेकांत मिसळले. हॉब्सन-जॉब्सनलाही इथे दुहेरी मूळ मानावं लागलं. 'टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, खोदलं ते टाकं' असं लगेच म्हणावंसं वाटतं खरं, पण ती ओळ मी वहीत पेन्सिलीनंच लिहिली आहे. पुढचा टप्पा पक्का आहे. १९१५ साली ब्रिटनमध्ये नवं चिलखती वाहन तयार होत होतं, ते गुप्त राहावं म्हणून पाण्याच्या टाक्या बनतायत असं भासवलं. ते नाव चिकटलं, आणि १५ सप्टेंबर १९१६ला सोमच्या लढाईत टँक पहिल्यांदा उतरला. आपण त्याला रणगाडा म्हणतो आणि टाकी पाण्यासाठीच ठेवतो.

आता धोका. सारखा आवाज आणि सारखा अर्थ म्हणजे नातं, असं मानायचं नाही. 'बदनाम', 'बदसूरत' यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, आवाज जवळजवळ एक, आणि तरी त्यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. निव्वळ योगायोग. उलट 'व्हील' आणि 'चक्र' हे कानाला कुठेच जुळत नाहीत, पण ते सख्खे. कारण नातं आवाजाच्या सारखेपणावर नसतं, आवाजाच्या नियमित बदलावर असतं. संस्कृतात जिथे 'प' तिथे अस्सल इंग्रजीत 'फ': पाद आणि फुट, पितृ आणि फादर. जिथे 'द' तिथे 'ट': दंत आणि टूथ, दश आणि टेन. हाच नियम वापरून आणलेला शब्दही ओळखता येतो. 'फुट' इंग्रजीचा घरचा, आणि त्याच अर्थाच्या मुळापासूनचा 'पेडल' लॅटिनकडून आलेला, म्हणून त्याचा 'प' शाबूत. 'टूथ' घरचा, 'डेंटल' बाहेरचा.

हे बहिणीचं नातं आणि उसनवारी वेगळी ठेवा. फादर हा पितृवरून आलेला नाही, दोघांचा पूर्वज एक. 'कँडी' मात्र खरोखर आपल्याकडून गेलेली, संस्कृत खंडावरून फारसी, अरबी आणि फ्रेंचमार्गे. 'सगळं संस्कृतातूनच निघालं' असे संदेश फिरतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण नारंग, खंड, शर्करा यांचा खरा, पुराव्यानिशी सांगता येणारा प्रवास त्या आरोळीत हरवतो.

पायरी ७: कोशही चुकतो

१९३४ साली निघालेल्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' हा शब्द छापला गेला, अर्थ: घनता. असा शब्द कधीच नव्हता. 'डी' हे मोठं किंवा छोटं अक्षर घनतेचं लघुरूप म्हणून वापरतात, अशी नोंद असलेली चिठ्ठी होती: 'डी ऑर डी'. ती अक्षरं एकत्र वाचून कुणीतरी ती शब्दांच्या गठ्ठ्यात टाकली. १९३९मध्ये एका संपादकाला त्या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही हे खटकलं, तेव्हा चूक सापडली. अशा शब्दांना वॉल्टर स्कीट या अभ्यासकानं १८८६मध्येच भूतशब्द म्हटलं होतं. म्हणून एका कोशावर थांबू नका. दोन कोश एकच वाक्य जसंच्या तसं सांगत असतील तर तेही एकच धरा, कारण एकानं दुसऱ्याचं उतरवलेलं असू शकतं.

आणि कोश 'मूळ अज्ञात' म्हणत असेल तर तसंच लिहा. 'डॉग'सारख्या रोजच्या शब्दाचं मूळ कोशकारांना पक्कं लागलेलं नाही, 'क्विझ'चंही नाही. डब्लिनच्या नाटकगृहाच्या मालकानं पैज लावून एका रात्रीत शहरभर भिंतींवर 'क्विझ' लिहवून घेतला, ही गोष्ट पुराव्याशिवायची आहे.

पायरी ८: नोंद अशी करा

एका शब्दाला अर्धं पान पुरतं. शब्द, तो भेटलेलं वाक्य, आताचा अर्थ, सर्वांत जुनं सापडलेलं साल, वाट, मूळ, आणि मुळाबद्दलची खात्री. खात्रीसाठी मी तीनच शब्द वापरते: पक्कं, बहुधा, वाद. ऐकलेली गोष्ट खोटी निघाली तरी खोडत नाही, 'लोककथा' असं लिहून ठेवते, कारण पुढच्या वेळी कुणी ती सांगितली की काय उत्तर द्यायचं ते तयार असतं. शाई खात्रीच्या गोष्टींना, पेन्सिल बाकी सगळ्याला.

माझ्या वहीतली पहिली नोंद आता अशी आहे:

डूलॅली. वाक्य: 'ही हॅज गॉन डूलॅली.' अर्थ: वेडसर, डोकं फिरलेला. जुनं रूप: डूलॅली टॅप. वाट: ब्रिटिश फौज, तोंडी. मूळ: देवळाली हे गावाचं नाव आणि ताप. खात्री: पक्कं. पेन्सिलीनं: डोलणेवरून? खोडलं. जोडीला पाहा: ब्लायटी, कुशी.